*दूध तपासणी: पाणी घातलं नाही, तरी नमुना का अडकतो?*



"आम्ही थेंबभर पाणी घालत नाही, तरी केंद्रावर दुधाला नावं का ठेवतात?" असे फोन शहापूर आणि मुरबाड, दोन्हीकडून येतात. म्हणून तपासणीत नक्की काय बघतात ते आज सांगतो. थोडं लांबलंय, पण शेवटपर्यंत वाचा.

लॅक्टोमीटर फक्त दुधाचा जडपणा मोजतो. चांगल्या दुधाचं रीडिंग साधारण २८ ते ३२ येतं. पाणी घातलं की उतरतं. पण फॅट पाण्यापेक्षा हलकं असतं, त्यामुळे साय काढली की रीडिंग वर चढतं आणि मग पाणी घालून परत जागेवर आणता येतं. लबाड माणसाला हे चांगलं ठाऊक असतं. कुणी साखर, मीठ नाहीतर युरिया टाकूनही काटा वर आणतो. म्हणून फॅट वेगळं काढावं लागतं (गर्बर पद्धतीत सल्फ्युरिक ॲसिड घालून नळी मशीनमध्ये फिरवतात) आणि वर रसायनांच्या चाचण्या घेतात. साखर असेल तर रिसॉर्सिनॉलने लाल रंग येतो. स्टार्च असेल तर आयोडीनने निळा. सोडा असेल तर रोझोलिक ॲसिडने गुलाबी-लाल. युरियाला डीएमएबी नावाचं रसायन, गडद पिवळा रंग आला की युरिया. फिकट पिवळ्याने घाबरू नका, थोडा युरिया प्रत्येक जनावराच्या दुधात असतोच. कायद्यात ७०० पीपीएमपर्यंत चालतो.

*आता प्रामाणिक माणूस अडकतो कुठे?*

एक, कॅन. धुण्याच्या सोड्याने घासला आणि नीट विसळला नाही, तर तोच सोडा चाचणीत दिसतो. साबणाचंही तसंच. दोन-तीन पाणी काढा आणि कॅन पालथा घालून सुकवा.

दोन, दगडी (कासदाह). दगडी झालेल्या म्हशीचं दूध खारट होतं, आंबटपणा कमी होतो. मिठाची आणि सोड्याची, दोन्ही चाचण्यांत संशय येतो आणि तुम्ही म्हणता मी काही घातलंच नाही. खरंच घातलेलं नसतं! कासेत गाठ, गरमपणा किंवा दुधात कण दिसले तर ते दूध वेगळं ठेवा आणि डॉक्टरांना बोलवा. औषध चालू असताना आणि नंतर डॉक्टर सांगतील तितके दिवस दूध कॅनमध्ये नको.

तीन, धार काढल्या काढल्या मोजलेलं दूध. ते गरम असतं, त्यात हवा असते, म्हणून रीडिंग कमी दिसतं. थोडं थांबून, हलक्या हाताने ढवळून मग मोजायला सांगा. हे मागायला लाजायचं काय?

चार, आणि आपल्याकडे हे सगळ्यात महत्त्वाचं: *बुरशी.* २०१८ साली एफएसएसएआयने देशभरात दुधाचे ६,४३२ नमुने तपासले. आरोग्याला घातक भेसळ निघाली फक्त १२ मध्ये. पण अफ्लाटॉक्सिन एम-१ हे बुरशीचं विष ५.७ टक्के नमुन्यांत मर्यादेबाहेर होतं. ते कुणी दुधात टाकत नाही, बुरशी लागलेल्या पेंडीतून आणि वैरणीतून दुधात उतरतं. उकळूनही जात नाही. आपला पावसाळा माहीतच आहे. शेंगदाणा पेंडीचं, सरकीचं पोतं जमिनीवर टेकवू नका, खाली लाकडी फळ्या घाला. काळा-हिरवा पडलेला पेंढा "म्हैस खातेय ना" म्हणून घालू नका.

घरच्या घरी युरिया बघायचा असेल तर चमचाभर दुधात (५ मिली) अर्धा चमचा तुरीच्या डाळीचं पीठ घालून हलवा. ५ मिनिटांनी लाल लिटमस कागद अर्धा मिनिट बुडवा. निळा झाला तर युरिया आहे.

अन्न सुरक्षा अधिकाऱ्याने कुणाचा नमुना घेतला तर त्याचे ४ भाग होतात. एक सरकारी विश्लेषकाकडे जातो, दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे राहतात. चौथा मान्यताप्राप्त लॅबला पाठवा अशी मागणी तुम्हाला करता येते, ती त्याच वेळी लेखी करा. विश्लेषकाचा रिपोर्ट विरोधात आला तर ३० दिवसांत अपील करता येतं. कागद घरात ठेवून देऊ नका, लगेच आम्हाला दाखवा.

कॅन एकत्र झाला की कुणाचं दूध कुठलं ते कळत नाही. म्हणून दूध ओतण्याआधी आपल्या समोर तपासून घ्या आणि रीडिंग व फॅट पावतीवर लिहून मागा.

– आपली शेतकरी उत्पादक कंपनी, शहापूर-मुरबाड