पालवी फुटली, पण मुळं कुठायत?

पावसाळा लागला की जास्वंदीच्या काड्या घरोघर फिरतात आणि आठ-दहा दिवसांत तेच वाक्य कानावर येतं: "लागली हो काडी, पालवी फुटली!" मग कुंडी उन्हात जाते, वर चमचाभर युरिया पडतो आणि पुढच्या आठवड्यात काडी मान टाकते. खापर मातीवर, नाहीतर शेजारणीच्या नजरेवर.

अहो, पालवीला मुळं लागतच नाहीत! पेरावरचा डोळा झाडावर असतानाच तयार झालेला असतो. काडीतल्या पिष्टावर आणि पाण्यावर तो फुटतो. मुळं मात्र नव्यानं घडवावी लागतात. खोडातल्या काही पेशी आपलं काम बदलतात, तिथे मुळाचा अंकुर धरतो आणि साल फोडून बाहेर येतो. जास्वंदीला याला साधारण महिना-दीड महिना लागतो. तोवर नवी पानं पाणी उडवत असतात आणि खालून भर घालणारं कुणी नसतं. म्हणून वर एक-दोनच पानं ठेवायची, तीही अर्धी कापून. कुंडी सावलीत, खत अजिबात नाही.

काहीजण तर काडी उपटूनच बघतात. कोवळी मुळं असतील तर तिथेच तुटतात. नसतील तर टोकाशी पांढरट, खरबरीत गाठ दिसते आणि तिलाच मुळं समजून काडी परत खोचली जाते. तो कॅलस, जखम भरल्याची खूण. बहुतेक झाडांत कॅलस आणि मुळं या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. पटत नसेल तर हार्टमन आणि केस्टर यांचं 'प्लांट प्रोपगेशन' उघडा, १९५९पासूनचं पाठ्यपुस्तक आहे. काडी धरली का हे बघायचंच तर हलकेच ओढा. अडली तर धरली.

बाकीच्या घरगुती उपायांचं थोडक्यात. गुलाबाची काडी बटाट्यात खोचली तर बटाटा सडतो, नाहीतर स्वतःच उगवतो. दालचिनी फार तर बुरशी रोखेल. मध म्हणजे संप्रेरक नव्हे. मुळांना चालना देतं ते ऑक्सिन, आणि मुळं फुटवायच्या पावडरीत असतं ते आयबीए हे त्यातलंच एक, ज्याचा हा गुण झिमरमन आणि विल्कॉक्सन यांनी १९३५मध्ये दाखवला. शेणाचा गोळा वरचं टोक सुकू देत नाही, एवढंच.

आणि चोरून आणलेली काडीच म्हणे हमखास लागते. लागत असेलही, पकडले जाऊ या भीतीनं ती ताजी ताजीच मातीत जाते.