फाइलमध्ये लिहिलं म्हणजे पोचलं का? (पीएचपीमधील एफफ्लश)



मागच्या सत्राच्या निकालाच्या वेळची गोष्ट. चौथीच्या 31 मुलांचे गुण एका फाइलमध्ये भरायला मी पीएचपीची छोटी स्क्रिप्ट केली होती. ती चालू असतानाच लाइट गेली. स्क्रीनवर तिसाव्या नावापर्यंत "लिहिले" असं आलं होतं. पण कॉम्प्युटर परत सुरू करून फाइल उघडली, तर शेवटची काही नावं गायब! यादी बघून एका मुलीने विचारलं, "मॅडम, मी परीक्षेला नव्हते का?" तेव्हा मी हा विषय नीट समजून घेतला.

बफर म्हणजे काय?

आपल्याकडची वडाप आठवा. एक माणूस बसला म्हणून गाडी सुटत नाही, सीटा भरायची वाट बघते. डिस्कवर दरवेळी चार अक्षरं लिहायला जाणं वेळखाऊ असतं. म्हणून मजकूर आधी मेमरीत जमवला जातो. या तात्पुरत्या जागेला बफर म्हणतात. एफराइट केलं म्हणजे प्रवासी गाडीत बसला, घरी पोचला असं नाही.

एफफ्लश काय करतं?

"सीटा रिकाम्या असल्या तरी चल," असं ड्रायव्हरला सांगणं म्हणजे एफफ्लश. पीएचपीकडे थांबलेला मजकूर लगेच ऑपरेटिंग सिस्टीमकडे जातो. काम झालं तर ट्रू, नाही तर फॉल्स असं उत्तर मिळतं. ते तपासावं.

पण इथे एक गोम आहे. ऑपरेटिंग सिस्टीमही मजकूर थोडा वेळ स्वतःच्या मेमरीत ठेवते. म्हणजे गाडीने फाट्यावर सोडलं, गाव अजून पुढेच! लाइट गेली की तिथला मजकूरही जाऊ शकतो. डिस्कपर्यंत पोचवायला एफसिंक वापरायचं. ते 2021 मध्ये आलेल्या पीएचपी 8.1 पासून मिळतं.

केव्हा वापरायचं?

1. स्क्रिप्ट लहान असेल तर वेगळं काही लागत नाही. एफक्लोज केल्यावर किंवा स्क्रिप्ट संपताना फाइल बंद होते, तेव्हा बफर रिकामा होतोच.
2. स्क्रिप्ट बराच वेळ चालणार असेल आणि नोंदी मध्येच बघायच्या असतील, तर एफफ्लश करावं.
3. एकाच फाइलमध्ये अनेकजण लिहिणार असतील तर एफलॉकने कुलूप लावतात. क्रम असा: कुलूप लावा, लिहा, एफफ्लश करा, मगच कुलूप काढा. आधी कुलूप काढलं तर दुसरी स्क्रिप्ट अर्धवट मजकूर वाचू शकते.
4. हजारो ओळी लिहिताना प्रत्येक ओळीला एफसिंक नको, काम फार मंदावतं.

आता मी प्रत्येक मुलाची नोंद झाली की एफसिंक करते आणि "लिहिले" हा शब्द त्यानंतरच दाखवते. 31 नोंदींना वेळ तो कितीसा लागणार! त्या मुलीचे गुण उत्तरपत्रिकेवरून पुन्हा भरले. म्हणून शेवटचं सांगणं: कागदावरची नोंद लगेच टाकून देऊ नका.