बंदीतला अल्बम, पडद्यावरचं गाणं

‘टूम ऑफ द म्यूटिलेटेड’ (१९९२) हा अमेरिकेतल्या ‘कॅनिबल कॉर्प्स’ या डेथ मेटल बँडचा तिसरा अल्बम. फ्लोरिडातल्या टॅम्पा इथल्या मॉरिसाउंड स्टुडिओत स्कॉट बर्न्स यांनी त्याची निर्मिती केली. गायक ख्रिस बार्न्सचा आवाज इतका खर्जातला, की शब्द कानाला कळतच नाहीत. वाद मात्र पेटला तो शब्दांवरून. स्त्रियांवरच्या हिंसेची त्यातली वर्णनं आजही किळसवाणीच वाटतात. व्हिन्सेंट लॉक यांच्या मुखपृष्ठानं त्यात भर घातली. जर्मनीत तर पहिल्या तिन्ही अल्बममधली गाणी २००६ पर्यंत मंचावर वाजवायलाही मनाई होती. याच अल्बममधलं ‘हॅमर स्मॅश्ड फेस’ मात्र जिम कॅरीच्या ‘एस व्हेंचुरा’ (१९९४) या विनोदी चित्रपटात झळकलं, आणि ते वाजवताना पडद्यावर खुद्द हाच बँड दिसतो.