नगराची राखण कोणाकडे?

घरांतील मुलीला सायंकाळच्या शिकवणीहून परतण्यास पाव तास उशीर झाला म्हणजे आजी ओट्यावर येऊन उभ्या राहतात, आणि "कोपऱ्यावरचा दिवा आज तरी लागला आहे ना?" असें काकू आंतून विचारितात. हा प्रश्न आमच्या बहुतेक वाचकांच्या घरीं केव्हां ना केव्हां विचारला गेला असेल. पुढें कोणाचें मंगळसूत्र ओढल्याची वार्ता आली म्हणजे मात्र आपण सर्व जण पोलिसांस दोष देऊन मोकळे होतों. दिवा कोणाचा होता, हें तेव्हां कोणास आठवत नाहीं.

पोलीस हा विषय राज्यघटनेनें राज्यशासनाकडे दिला आहे. छत्रपती संभाजीनगरचे पोलीस आयुक्त महापौरांस जबाबदार नाहींत. इंग्लंडांत 1835 च्या कायद्यान्वयें नगरसभेची 'वॉच कमिटी' पोलिसांवर देखरेख करीत असे. तसा अधिकार आपल्या महानगरपालिकांस नाहीं. परंतु रस्त्यावरील दिवाबत्ती, पाणी, कचरा, रस्त्यांवरील अडथळे, मोडकळीस आलेल्या इमारती, हीं सर्व कामें 1949 च्या कायद्यानें पालिकेच्याच गळ्यांत आहेत. आणि शांततेचा भंग होतो तो पुष्कळदां येथूनच सुरू होतो, हें या नगरानें 2018 सालीं पुरेपूर अनुभविलें आहे.

त्या वर्षीं फेब्रुवारींत नारेगांवच्या ग्रामस्थांनीं आपल्या शेजारीं शहराचा कचरा टाकूं देण्याचें साफ नाकारिलें. वर्षानुवर्षें तेथें डोंगर साचला होता. त्यांची तक्रार नवी नव्हती, ऐकणारे कान मात्र नव्हते. कचरा रस्त्यांवर कुजूं लागला. 7 मार्च रोजीं त्याच्या गाड्या मिटमिट्यास गेल्या, तेव्हां दगडफेक झाली, वाहनें जळालीं, आणि पोलिसांनीं घरांत शिरून बायकामुलांसही मारल्याचे आरोप झाले. पोलीस आयुक्तांस सक्तीच्या रजेवर जावें लागलें, पालिकेच्या आयुक्तांची बदली झाली. दोन महिन्यांनीं, 11 मेच्या रात्रीं, मोतीकारंजा, शहागंज, राजाबाजार या जुन्या भागांत दंगल उसळली. दोघांचे प्राण गेले, दुकानें खाक झालीं. अनधिकृत नळजोडण्या तोडण्यावरून धुमसणारा वाद हें तिचें एक निमित्त असल्याचें त्या वेळीं सांगण्यांत आलें. अर्थात् नळावरून कोणी कोणाचें घर जाळीत नाहीं. द्वेषाचें सरपण आधींच रचलेलें असावें लागतें. पण ठिणगी पालिकेच्या खात्यांतली होती, आणि ती विझविण्यास आला तो पोलीस शिपाई.

तेव्हां लोकनियुक्त नगरसेवक सभागृहांत बसत होते, हें येथें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. केवळ सभागृह भरल्यानें नगर सुरक्षित होतें असा दावा आम्ही करीत नाहीं. परंतु एप्रिल 2020 मध्यें त्या सभेची मुदत संपली आणि जानेवारी 2026 मधील निवडणुकीपर्यंत सगळा कारभार प्रशासकांच्या हातीं राहिला. सुमारें पावणेसहा वर्षें नागरिकांचा प्रश्न उघड्या सभेंत विचारण्याची सोयच नव्हती. मार्च 2023 मध्यें किराडपुऱ्यांत रामनवमीच्या आदल्या रात्रीं दंगल झाली, पोलिसांचीं वाहनें जळालीं. त्या प्रसंगाचा विचार करावयास नगराची स्वतःची सभा अस्तित्वांत नव्हती.

गुन्हे वाढले कीं घटले, हें तरी सामान्य गृहस्थानें कसें ओळखावें? 'एनसीआरबी' या नांवानें परिचित असलेला केंद्राचा विभाग दरवर्षींचे आंकडे प्रसिद्ध करितो. परंतु 2016 च्या अहवालापासून त्याचे महानगरांचे स्वतंत्र तक्ते वीस लाखांवरील वस्तीच्या 19 शहरांपुरतेच आहेत. महाराष्ट्रांतील मुंबई, पुणे, नागपूर हींच त्यांत येतात. 2011 च्या जनगणनेप्रमाणें आपली वस्ती 11 लाख 75 हजार. म्हणून हें नगर जिल्ह्यांच्या लांबलचक यादींत शोधावें लागतें. शिवाय आंकडा वाढला म्हणजे पाप वाढलें असेंच नव्हे. जी सून पूर्वीं निमूटपणें सोशीत होती ती आज ठाण्यावर गेली, तर नोंद वाढेल. आणि ठाणेदारानें तक्रारच लिहून घेतली नाहीं, तर कागदोपत्रीं रामराज्य दिसेल! 'स्मार्ट सिटी' योजनेंतून चौकाचौकांत कॅमेरे लागले, तें चांगलेंच झालें. पण कॅमेरा घडलेलें दाखवितो, वाद मिटवीत नाहीं.

वाद मिटविण्याचा एक प्रयोग आपल्याच राज्यांत झालेला आहे. 1984 च्या भीषण दंगलीनंतर भिवंडीस पोलीस उपायुक्त म्हणून आलेले श्री. सुरेश खोपडे यांनीं 1988 च्या सुमारास मोहल्ला समित्या स्थापिल्या. दोन्ही समाजांतील साधीं माणसें, पुढारी नव्हेत, ठरल्या वेळीं एकत्र बसत, आणि त्या त्या भागाचा शिपाई त्यांच्यांत असे. भांडणें क्षुल्लक असत. त्यांचा निकाल तेथेंच लागे. 1992-93 मध्यें मुंबई जळत असतां भिवंडी शांत राहिली. ही कल्पना एका पोलीस अधिकाऱ्याची. नळ आणि दिवे ज्यांच्या हातीं आहेत त्या पालिकेस ती सुचूं नये, याचा आम्हांस खेद वाटतो.

नव्या सभेंत 115 जागा आहेत आणि त्यांतील निम्म्या स्त्रियांसाठीं राखीव. कायद्यानें महिला व बालकल्याण समितीही दिलेली आहे. पोलिसांच्या दामिनी पथकास कोणत्या गल्ल्या अंधाऱ्या आढळल्या, याची यादी त्या समितीनें दरमहा मागवावी आणि तेथील दिवे किती दिवसांत लागले हें सभेपुढें ठेवावें. यास नवा कायदा लागत नाहीं. आमच्या वाचकभगिनींस एवढीच विनंती कीं, आपल्या प्रभागाच्या नगरसेविका संक्रांतीच्या हळदीकुंकवास घरीं आल्या म्हणजे तिळगूळ हातावर ठेवतांना कोपऱ्यावरच्या खांबाचा क्रमांकही त्यांस सांगावा, आणि चैत्रांत त्या पुन्हां आल्या म्हणजे त्याची आठवण करावी.