‘किती देऊ?’ विचारणारं बटण

एखाद्या आंबा बागायतदाराची वेबसाइट उघडा. वर बागेचा देखणा फोटो, खाली आजोबांपासूनचा इतिहास, मग सेंद्रिय खतांची माहिती. पाच डझनांची पेटी हवी असलेला माणूस मात्र पान खालीवर करत राहतो. भाव काय? पुण्यात पेटी कधी पोहोचेल? मागवायची कशी? तळाशी त्याला ‘अधिक माहितीसाठी संपर्क करा’ एवढंच सापडतं. मग तो दुसऱ्या बागायतदाराकडे वळतो.

दुकानात गिऱ्हाईक वस्तूपाशी घुटमळलं, की दुकानदार ‘किती देऊ?’ विचारतो आणि व्यवहार पुढे सरकतो. वेबसाइटवर हे विचारायला कुणी उभं नसतं. ते काम बटणाने करायचं असतं. वेब डिझाइन करणारे त्याला ‘कॉल टू अ‍ॅक्शन’ म्हणतात.

अशा एका बटणाची गोष्ट जेरेड स्पूल या अमेरिकी तज्ज्ञाने २००९मध्ये लिहिली. एका मोठ्या विक्रेत्याच्या वेबसाइटवर, पैसे भरण्याच्या आधी ‘लॉगिन’ आणि ‘रजिस्टर’ अशी दोन बटणं होती. नवीन ग्राहक खातं उघडायच्या कटकटीने वैतागत आणि जुन्यांना पासवर्ड आठवत नसे. विक्रेत्याने ‘रजिस्टर’ काढून ‘कंटिन्यू’ लिहिलं आणि खातं न उघडताही खरेदी करता येईल, असं शेजारी सांगितलं. स्पूल यांच्या म्हणण्यानुसार खरेदी पूर्ण करणारे ४५ टक्क्यांनी वाढले आणि पहिल्या वर्षात ३० कोटी डॉलरची जादा विक्री झाली.

पण प्रत्येक पानावर ‘आत्ताच घ्या’ असं ओरडूनही भागत नाही. बराक ओबामा यांच्या २००८च्या निवडणूक प्रचारात वेबसाइटच्या पहिल्या पानावरची बटणं आणि फोटो-व्हिडिओ बदलून पाहिले गेले. ‘साइन अप’पेक्षा ‘लर्न मोअर’ लिहिलेल्या बटणामुळे जास्त लोकांनी नावं नोंदवली. नुकत्याच आलेल्या पाहुण्याला नोंदणीपेक्षा माहिती घेण्याचं आमंत्रण सोपं वाटलं असावं. आंबा घ्यायचं ठरवून आलेल्याला मात्र ‘अधिक जाणून घ्या’ म्हणणं म्हणजे त्याला दारातच ताटकळत ठेवणं. समोरच्याचा निर्णय कुठवर आला आहे, त्यावर बटणाचे शब्द ठरतात.

बाकीच्या गोष्टी साध्या आहेत. एका पानावर मुख्य बटण एकच असावं. दुसरं लागलंच, तर ते फिकं ठेवावं. मोबाइलवर अंगठ्याने सहज दाबता यावं म्हणून अ‍ॅपल किमान ४४ पॉइंट आणि गुगल ४८ डीपी (पॉइंट आणि डीपी ही पडद्यावरच्या मापाची एककं) एवढा आकार सुचवतात. बटणाजवळ पोहोच खर्चासह पूर्ण किंमत दिसावी. ऑर्डर फोनवरच घेत असाल, तर ‘व्हॉट्सअ‍ॅपवर पेटी मागवा’ असं लिहावं. दाबलं की संदेश तयार असावा. हंगाम संपला, की त्याच जागी ‘पुढच्या हंगामात कळवा’ हे बटण यावं.

स्पष्टपणा आणि दांडगाई यांत फरक आहे. ‘शेवटच्या दोनच पेट्या’ अशी खोटी घाई करणं किंवा न मागितलेली वस्तू गुपचूप टोपलीत टाकणं, हे प्रकार ‘डार्क पॅटर्न’मध्ये मोडतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी असे १३ प्रकार नमूद करून त्यांना मनाई केली. आधीच टिक केलेल्या चौकटीतून ग्राहकाची संमती गृहीत धरायलाही २०२०चे ई-कॉमर्स नियम मनाई करतात.

बटणावर काय लिहावं हे अनेक उद्योजकांना सुचत नाही. याचं कारण बहुतेकदा भाषेत नसतंच. भाव, पोहोचवण्याची तारीख, माल खराब निघाला तर काय, हे त्यांनी स्वतःशीच ठरवलेलं नसतं. म्हणून डिझायनरला बोलावण्याआधी या तीन प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहून काढावीत. ती पक्की झाली, की बटणाला चार शब्द पुरतात.