किशोरवयातील छातीच्या गाठी : वेळीच निदान हवे
दीर्घकाळ खोकला, ताप व वजनातील घट दिसताच प्रथम क्षयाची शंका येते आणि ती रास्तच आहे. तथापि किशोरवयात हीच लक्षणे छातीतील लसिकाग्रंथींच्या कर्करोगाचीही असू शकतात. बरगडीवरील वाढती सूज केवळ खेळातील मार मानू नये. ती क्वचित हाडाची गाठही असते. क्ष-किरण चित्रात सावली दिसते. तिचे नेमके स्वरूप बहुधा गाठीचा तुकडा काढून तपासल्यावरच कळते. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत शासकीय व अनुदानित शाळांतील मुलांची तपासणी होते. शिक्षक व पंचायत सदस्यांनी अशी मुले पथकास दाखवावीत. उपचाराने गुण न आल्यास पालकांना साताऱ्याच्या जिल्हा रुग्णालयाची अथवा मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची वाट दाखवावी. वेळीच ओळखलेल्या अनेक गाठी बऱ्या होतात.