चुन्याच्या निवळीवर वाढणारे प्रवाळ

१९८०च्या दशकात बर्लिनमधली काही हौशी मंडळी दिवाणखान्यातल्या खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये चुन्याची निवळी थेंबथेंब सोडू लागली. तोवर घरच्या टँकमध्ये मासे जगत, पण दगडी प्रवाळ फारसे टिकत नसत. निवळीचा हा तोडगा पीटर विल्केन्स यांनी रुजवला. बर्लिनकरांनी त्याला जिवाणूंनी भरलेले समुद्री खडक, प्रखर दिवे आणि फेसाबरोबर घाण बाहेर काढणारा स्किमर यांची जोड दिली. डीट्रिख श्ट्यूबर यांच्या टँकमधला ॲक्रोपोरा हा दगडी प्रवाळ तर असा फोफावला, की त्याच्या फांद्या तोडून इतरांना वाटता आल्या.

शाळेच्या प्रयोगशाळेत आपण फुंकर मारून दुधाळ केलेली तीच ही निवळी. ती इथे का चालते हे कळले, की प्रवाळ पाळण्यातले निम्मे गणित सुटते.

प्रवाळ हा प्राणी आहे. त्याच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहते आणि उजेडावर तयार केलेले अन्न यजमानाला देते. अनेक जातींची बहुतेक गरज त्यावरच भागते. सांगाडा मात्र प्रवाळाला स्वतःच बांधावा लागतो, पाण्यातले कॅल्शियम आणि कार्बोनेट घेऊन. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ४२० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. हा साठा दांडगा आहे. कार्बोनेटचा साठा, म्हणजे अल्कलिनिटी, त्या मानाने अगदी तुटपुंजा. ती ‘डीकेएच’ या एककात मोजतात. समुद्रात ती सातच्या आसपास असते, टँकमध्ये साधारण आठ ठेवतात. आता सांगाडा बांधताना प्रवाळाने लिटरमागे २० मिलिग्रॅम कॅल्शियम उचलले, तर अल्कलिनिटी २.८ने उतरते. म्हणजे कॅल्शियम ४२०वरून ४०० झाले तरी कोणाच्या लक्षात येणार नाही, पण तेवढ्यात अल्कलिनिटी आठवरून ५.२वर आलेली असते. नवखा माणूस तरीही कॅल्शियमच्याच बाटल्या आणत राहतो. दुकानदाराचीही त्याला हरकत नसते.

निवळी या दोन्ही गोष्टी प्रवाळ वापरतो त्याच प्रमाणात परत करते. तिच्यातले कॅल्शियम थेट मिळते, तर तिचा अल्कधर्म पाण्यातल्या कार्बन डायऑक्साइडशी जुळून बायकार्बोनेट होतो. शिवाय टँकमधून पाण्याची वाफ होते, मीठ मागेच राहते. त्यामुळे रोजची तूट खाऱ्या पाण्याने भरली तर खारेपणा चढत जातो. ही तूट आरओच्या शुद्ध पाण्यात केलेल्या निवळीने भरली की एका कामात दोन कामे होतात. ती रात्री सोडणे सोयीचे, कारण अंधारात शैवालाचे काम थांबते, कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पीएच घसरतो. पण निवळीचा स्वतःचा पीएच बारापेक्षा जास्त असतो. घाईने पेलाभर ओतली तर पाणी पांढरे होते आणि वाचवायला निघालेले कार्बोनेटच तळाशी बसते.

अल्कलिनिटी साडेसात असावी की नऊ, यावर वाद घालणारे पुष्कळ भेटतील. दोन्हींवर प्रवाळ जगतो. आज सात, परवा दहा, हे मात्र त्याला सोसत नाही; ॲक्रोपोराची टोके आधी सोलवटतात. पाणी अतिशुद्ध करण्याचा हट्टही असाच नडतो. नायट्रेट आणि फॉस्फेट पार शून्यावर नेले, तर आतल्या शैवालाचीच उपासमार होते.

आपल्याकडे खरी पंचाईत उष्म्याची. टँकचे पाणी २५-२६ अंशांवर असावे. ते तिशीपलीकडे जाऊन तिथेच राहिले, तर शैवालाची प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा बिघडून ऑक्सिजनची घातक रूपे तयार होतात, प्रवाळ शैवालाला बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. पाण्यावर सोडलेला पंखा पुण्याच्या कोरड्या एप्रिलमध्ये उपयोगी पडेल. मुंबईच्या दमट मे महिन्यात चिलरच हवा.

पण चिलरची किंमत विचारण्याआधी कायदा पाहावा. भारतात दगडी प्रवाळांचा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१मध्ये समावेश झाला; वाघ जिथे आहे तीच ही अनुसूची. कोस्टल रोडसाठी २०२०मध्ये वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरच्या प्रवाळ वसाहती हलवायच्या होत्या, तेव्हा मुंबई महापालिकेलाही परवानगी काढावी लागली. मालवणच्या किनाऱ्यावरून खिशात घातलेला तुकडाही म्हणूनच महागात पडू शकतो.

परदेशात राहणाऱ्यांना टँकमध्येच वाढवलेल्या प्रवाळाची कलमे रीतसर विकत घेता येतात. त्यांत झोअँथिड हा रंगीबेरंगी, चिवट प्रकार नवख्यांचा आवडता. त्याच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असते. हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय तो कापू नये, आणि तो चिकटलेला दगड साफ करण्यासाठी कधीही उकळू नये. त्या वाफेने घरातली माणसे रुग्णालयात दाखल झाल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत.